कोयतीचं घर

गेल्या ऑक्टोबरात गावाहून येताना मी नवी कोयती आणली. वर्तमानपत्राची पाच-सहा पानं गुंडाळली, वर गोणपाट, त्यावर सुतळी आणि हे सगळं पाठपिशवीच्या तळाशी. ठाण्याला उतरून मुलुंडसाठी लोकल पकडली. एकच स्टेशन. गर्दीत पिशवी पुढे घेतली, तेव्हा खाली पाहिलं तर कागद, गोणपाट आणि पिशवीचा तळ भेदून कोयतीची चोच बोटभर बाहेर आली होती. समोर शाळेचा एक मुलगा उभा होता, त्याच्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर. मी तिथेच खाली बसलो आणि मुलुंड येईपर्यंत चोचीवर हात धरून राहिलो. त्याच आठवड्यात मी कोयतीसाठी घर शिवायला घेतलं. चष्म्याला घर असतं, तसंच हिलाही हवं.

मुंबईच्या उपनगरांत कोयती बाळगणारे आपल्याला वाटतात त्याहून जास्त आहेत. बोरिवली, मुलुंड, घाटकोपरच्या कितीतरी घरांत माळ्यावर एक कोयती असते. गणपतीला आणि शिमग्याला ती गावी जाते, पावसाळ्यानंतर काजू-आंब्याच्या बागेत बेणणी करते आणि परत येते. सोसायटीच्या मागच्या अंगणातलं रान काढायला, नारळ सोलायला, लावलेल्या रोपांभोवतीचं गवत साफ करायलाही तीच. हा लेख अशा माणसांसाठी आहे. खुरपं किंवा फांद्या छाटायची कात्री असेल तर काम याहून सोपं, कारण त्यांचा आकार सरळ असतो. कोयतीचं घर जमलं की बाकीची घरं आपोआप जमतात.

कोकणात कोयतीला घर नसतं, आकडी असते. कमरेच्या दोरीला मागच्या बाजूला अडकवलेला एक आकडा आणि त्यात उघडी कोयती. माझे आजोबा ती बांधूनच माडावर चढत. दोन्ही हात मोकळे राहतात, हवी तेव्हा कोयती एका हाताने निघते, न बघता परत जाते. बागेत याहून चांगली सोय मला माहीत नाही आणि तिच्यात सुधारणा करायचा माझा विचारही नाही. पण आकडी आहे ती मोकळ्या रानासाठी. पाठीमागे उघडी धार घेऊन रिक्षात बसता येत नाही, जिना उतरता येत नाही, लोकलमध्ये तर नाहीच नाही. आपल्याला घर शिवायचं आहे ते या प्रवासासाठी. मात्र आकडीचा एक गुण त्यात उतरलाच पाहिजे, तो म्हणजे कोयती एका हाताने निघणं.

शिवायला बसण्याआधी कोयती हातात घेऊन नीट बघा. सुरीची धार बाहेरच्या बाजूला असते, कोयतीची आतल्या वळणावर. पाठ फुगीर, धार खोलगट आणि टोकाला वाकलेली चोच. त्यामुळे सुरीच्या म्यानासारखं वरून सरळ आत सरकवायचं घर इथे चालत नाही. ते चोचीला पुरेल इतकं रुंद केलं तर पातं आत खुळखुळतं आणि अरुंद केलं तर कोयती आतच जात नाही. माझा पहिला प्रयत्न यातच वाया गेला. उपाय असा की घर पाठीच्या बाजूने उघडं ठेवायचं. धारेच्या बाजूला शिलाई, चोचीला सगळीकडून बंद असा छोटा खिसा आणि पाठीवर फक्त एक पट्टा. कोयती आधी चोचीने आत शिरते, मग धार कुशीवर वळल्यासारखी आत बसते आणि पट्टा पाठीवरून येऊन बंद होतो.

आता साचा. साडीच्या खोक्याचा किंवा जुन्या फाइलचा जाड पुठ्ठा घ्या. कोयतीच्या धारेवर आधी कागदी चिकटपट्टी दुहेरी लावा. अशा कामात जखम सुईनेच होते असं नाही, मापं घेतानाही होते. पातं पुठ्ठ्यावर आडवं ठेवून पेन्सिलीने कड काढा. धारेच्या बाजूला त्या रेघेबाहेर २० मिलिमीटर जागा सोडा, चोचीपुढेही तेवढीच. पाठीच्या बाजूला ५ मिलिमीटर पुरे. मुठीकडे पातं जिथे संपतं तिथेच साचा संपवा. मूठ आत गेली तर हाताला पकड उरत नाही. असे दोन पुठ्ठे कापा, धारेच्या बाजूला आणि चोचीभोवती स्टेपलरने जोडा आणि कोयती दहा वेळा आत-बाहेर करून बघा. चोचीच्या खिशाची पाठीकडची बाजू किती अंतर बंद करायची हे इथेच ठरतं. माझ्या कोयतीला दोन इंच लागले. तुमच्या कोयतीचं वळण जास्त असेल तर कमी लागतील. पुठ्ठ्यावर एक तास घालवा, कारण कापड कापल्यावर चूक भरून काढता येत नाही. डावखुऱ्यांनी साचा उलटा करून घ्यावा, म्हणजे पट्टा आणि कमरेची कडी योग्य बाजूला येतील.

कापड कुठलं घ्यावं यावर मी बराच विचार केला. मनात आधी चामडंच होतं. शीव-वांद्रे लिंक रोडवर धारावीच्या कडेला चामड्याची दुकानं आहेत. तिथे गेल्यावर कळलं की चामडं म्हणजे एक वस्तू नव्हे. साली-फळांच्या पाण्यात कमावलेलं एक आणि क्रोमच्या क्षारांत कमावलेलं दुसरं. ओळखायचं सोपं आहे. कापलेली कड बघा. पहिल्याची कड आरपार तपकिरी असते, दुसऱ्याच्या मध्ये बहुतेक वेळा निळसर-राखाडी रेघ दिसते. पहिल्यावर पाण्याचा थेंब टाकला की तो मुरतो आणि डाग गडद होतो. कोल्हापुरी चपलेचं चामडं पहिल्या प्रकारचं, बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं. २०१९ साली या चपलेला महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या चार-चार जिल्ह्यांसाठी मिळून भौगोलिक मानांकन मिळालं. ती शिवतातही चामड्याच्याच वादीने. घरासाठी चामडं घ्यायचं तर हेच घ्या, कारण कोमट पाण्यात भिजवून पात्याभोवती अंगठ्याने दाबलं की ते आकार धरतं आणि सावलीत वाळल्यावर तो आकार सोडत नाही. क्रोमचं चामडं मऊ असतं पण असं वळण घेत नाही.

तरीही मी शेवटी पूर्ण चामड्याचं घर केलं नाही. कारण आपली हवा. उपनगरात जून ते सप्टेंबर दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि कपाटातल्या पट्ट्यावर, चपलांवर बुरशी येते हे प्रत्येक घराला माहीत आहे. शिवाय हिरडा आणि लोखंड ओलाव्यात एकत्र आले की काळा रंग तयार होतो. जुन्या काळी शाई याच गुणाने करत. ओलं चामडं पात्याला चिकटून राहिलं की पात्यावर काळे डाग उठतात, मागून गंज येतो. म्हणून माझ्या घराच्या बाहेरच्या दोन्ही बाजू जाड सुती कॅनव्हासच्या आहेत, दुहेरी, आणि फक्त धारेसमोरची मधली पट्टी चामड्याची. कॅनव्हास धुता येतो, पंख्याखाली रात्रीत वाळतो आणि फाटला तर ठिगळ लावता येतं. नवा विकत घ्यायलाच हवा असं नाही. फाटलेल्या प्रवासी पिशवीचं किंवा जुन्या तंबूचं कापडही चालेल. नखाने ओरखडलं आणि धागे सरकले नाहीत तर ते घट्ट विणीचं समजा.

मधली पट्टी हाच या सगळ्या कामाचा जीव आहे. दोन बाजू थेट एकमेकींना शिवल्या तर धार आत जाऊन दोऱ्यावरच टेकते. पहिल्या दिवशी काही कळत नाही. दहाव्या दिवशी दोन टाके तुटलेले असतात आणि विसाव्या दिवशी धार बाहेर येते. म्हणून दोन बाजूंच्या मध्ये तीन-चार मिलिमीटर जाड आणि १५ मिलिमीटर रुंद चामड्याची पट्टी घालायची, म्हणजे धार तिच्यावर टेकेल आणि दोऱ्यापर्यंत पोहोचणार नाही. पातळ चामडं असेल तर दोन थर सोल्युशनने चिकटवा. ही पट्टी सरळ कापून वळवू नका. ती वळणावर सुरकुतते आणि धारेला चिरायला जागा मिळते. साच्यावर ठेवून त्याच वळणात कापा. चामडं कापायला मोच्याची रापी उत्तम, पण धारदार कागद-कटरने दोन-तीन फेऱ्यांत कापलं तरी चालतं. चामडं वापरायचं नसेल त्यांनी जुन्या रबरी चपलेचा तळ पातळ कापून घ्यावा. तो ओलाव्याला अजिबात दाद देत नाही. माझ्या दुसऱ्या घरात मी तोच घातला आहे.

कॅनव्हास कापताना साच्याबाहेर एक सेंटिमीटर जास्त सोडा आणि तो आत दुमडा, नाहीतर कड उसवत राहील. धारेकडची कड खोलगट असल्यामुळे दुमडताना कापड ओढलं जातं. ब्लाउजच्या गळ्याला शिंपी जसे बारीक कट देतात, तसे इथेही बोटभर अंतरावर द्या, मग दुमड निमूट बसते. दुमडीवरून कच्चा धावदोरा घालून घ्या.

आणि आता ती गोष्ट जी मी पहिल्या खेपेला विसरलो होतो. कमरेच्या पट्ट्यासाठी मागची कडी आणि बंद करायचा पट्टा हे दोन्ही मागच्या बाजूच्या कापडावर आधी शिवायचे, दोन बाजू जोडण्याआधी. नंतर सुई घेऊन आत हात घालायला जागा राहत नाही. कमरेचा पट्टा दीड इंची असेल तर कडी आतून ४५ मिलिमीटर ठेवा. चौकोन शिवून त्यात आडवी फुली घाला, पिशवीच्या बंदांना घालतात तशी. सगळा भार याच शिलाईवर येतो. बंद करायच्या पट्ट्याला टिचबटण लावा. ते पाठीच्या बाजूला यावं, धारेच्या रेषेत बटणाची धातूची वाटी आली तर धार बोथट होते. मी आधी तीन पट्टे लावले होते. गावी काकांना दाखवलं. त्यांनी उलटंसुलटं करून बघितलं आणि म्हणाले, “ह्या बरा केलंस. पण बाहेर काढूक किती वेळ लागता?” मी काढून दाखवली. खरंच दोन्ही हात लागत होते. आता एकच पट्टा आहे, रुंद, मुठीजवळच्या मानेवर. चोच खिशात अडकलेली असल्यामुळे तेवढा पुरतो.

शिलाईबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण इथेच घरचं शिवणकाम आणि मशीनचं काम यांत फरक पडतो. मशीनच्या टिपेत वरचा आणि खालचा असे दोन दोरे मध्यावर एकमेकांत अडकतात. एक जागा तुटली की पुढचे टाके सुटत जातात. खोगीर शिवणारे कारागीर एकाच दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया लावतात आणि प्रत्येक भोकातून दोन्ही सुया समोरासमोरून काढतात. म्हणजे प्रत्येक टाक्यात दोन दोरे असतात. एक तुटला तरी दुसरा धरून राहतो. मशीनला हे जमत नाही, हातालाच जमतं. धारदार वस्तूच्या घराला हीच शिलाई घाला.

दोरा सुती नको. पावसाळ्यात कुजतो. मोच्याकडे मिळणारा जाड नायलॉनचा दोरा घ्या. शिलाईच्या लांबीच्या चौपट आणि वर दोन वीत, इतका दोरा एका वेळी कापा. कमी पडला तर मध्येच जोड येतो. त्याला मधमाशीचं पिवळं मेण लावा. मेणाच्या ढेपेवरून दोरा दोन-तीनदा ओढला की पुरे. मेणबत्तीचं मेण नको, ते भुगा होऊन गळून जातं. मेणामुळे दोरा भोकात घट्ट बसतो, पाणी आत शिरत नाही आणि टाका सैल पडत नाही. दोन दाभणं घ्या आणि त्यांची टोकं दगडावर घासून बोथट करा. भोकं मोच्याच्या आरीने आधीच पाडलेली असतात, त्यामुळे सुईला टोकाची गरज नाही. उलट टोकदार सुई समोरून आलेल्या दोऱ्यात घुसते आणि मग काहीच ओढलं जात नाही.

सगळे थर सोल्युशनने हलके चिकटवून, कपड्याचे चिमटे लावून तासभर ठेवा. बाहेरच्या कडेपासून चार मिलिमीटरवर पेन्सिलीने रेघ मारा. भोकांमधलं अंतर समान ठेवायला जेवणाचा काटा रेघेवर दाबत न्या, पुढच्या वेळी पहिलं टोक मागच्या शेवटच्या खुणेत ठेवून. माझ्या काट्याचं अंतर साधारण पाच मिलिमीटर आहे, ते कॅनव्हासला छान बसतं. खाली जुन्या चपलेचा तळ ठेवून आरीने भोकं पाडा. आरी सरळ उभी धरा. ती तिरकी गेली की मागच्या बाजूला रेघ वाकडी दिसते. हाताच्या तळव्यावर किंवा मांडीवर ठेवून भोक पाडू नका, आरी एकदा सुटली की थांबत नाही.

शिवताना काम दोन गुडघ्यांत दोन फळ्यांच्या मध्ये धरा. नेहमी एकच सुई आधी, समजा डाव्या हातातली. ती आरपार आली की उजवी तिच्या खालून त्याच भोकात. मग दोन्ही दोरे एकसारखे ओढा. क्रम बदलला नाही की टाके एका रेषेत तिरके पडतात आणि देखणे दिसतात. हाताला ताल सापडायला वीसेक टाके जातात. शेवटी तीन टाके उलटे मागे घ्या, दोरा दोन मिलिमीटर ठेवून कापा आणि काडीच्या ज्योतीने टोक वितळवून दाबा. मग पहिल्या रेघेच्या आत तीन मिलिमीटरवर दुसरी रेघ शिवा. या दुसऱ्या रेघेपासून पट्टीच्या आतल्या कडेपर्यंत निदान सहा मिलिमीटर चामडं मोकळं राहिलं पाहिजे. धार टेकायची जागा तीच. चोचीच्या खिशाला मी तिसरीही रेघ घातली आहे. दोन संध्याकाळी लागतात, घाईने एका संध्याकाळी करू नका.

चोचीच्या तळाला एक छोटं भोक ठेवून त्यात पितळी आयलेट बसवा. पावसात आत गेलेलं पाणी तिथून निघून जातं. हे भोक नसेल तर सगळ्यात बारीक टोक सगळ्यात जास्त वेळ पाण्यात बसतं.

झाल्यावर तपासणी. कोयती आत घालून, पट्टा लावून, गादीवर घर उलटं धरा आणि जोरात हलवा. मग पट्टा उघडून पुन्हा हळूच उलटं धरा. पट्टा उघडा असतानाही चोच खिशात अडकून दोन क्षण थांबली पाहिजे, म्हणजे चुकून टिचबटण सुटलं तर कोयती लगेच पायावर पडणार नाही. आता शिलाईवरून बोट फिरवा. कुठेही धातू लागत असेल तर तिथे पट्टी अपुरी आहे. उसवा आणि पुन्हा करा.

घर झालं म्हणून कोयती कमरेला लावून मुंबईत फिरायचं नाही, हे मी आग्रहाने सांगतो. शस्त्रविषयक नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याची धारदार हत्यारं येतात. घरगुती आणि शेतीच्या कामासाठी बनवलेली अवजारं त्यातून वगळलेली आहेत. पण महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७ खाली पोलीस आयुक्त शहरात हत्यारं बाळगायला मनाई करणारे आदेश काढू शकतात. पुण्यातल्या ‘कोयता गँग’च्या बातम्यांनंतर तर कमरेची कोयती बघून कुणीही दचकेल आणि त्याचं काही चूक नाही. शहरात कोयती घरात, घर पिशवीत आणि पिशवी बंद. कमरेची कडी आहे ती गावच्या बागेसाठी आणि सोसायटीच्या अंगणासाठी. मेट्रोत सामान तपासतात, तिथे कोयती नेऊच नका.

बोरिवली आणि मुलुंडकरांसाठी आणखी एक. आपल्या शेजारी संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार तिथे लेखी परवानगीशिवाय शस्त्र नेता येत नाही आणि त्या कायद्याच्या व्याख्येत सुरीही शस्त्रच आहे. पायवाटेवरची झुडपं साफ करायची म्हणूनही कोयती नेऊ नका. सोसायटीतल्या झाडाची फांदी तोडायची तर १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्याप्रमाणे वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. गवत, वेली आणि वाळलेलं रान एवढंच आपल्या कोयतीचं शहरातलं काम.

कमरेला लावताना आजोबा बांधत तसं पाठीच्या अगदी मध्यावर बांधू नका. घसरून पडलात तर घर कण्याखाली येतं. उजव्या खुब्याच्या किंचित मागे ठेवा, म्हणजे वाकताना मांडीला लागत नाही आणि बसताना हाताने बाजूला सारता येतं.

काम संपलं की पातं पुसा. काजूचा किंवा वडाचा चीक लागला असेल तर रॉकेलच्या बोळ्याने काढा, कोरडं करा, शिलाई मशीनच्या तेलाचा हात फिरवा. आणि मुक्कामाला पोचलात की कोयती घरातून बाहेर काढून तेलकट फडक्यात गुंडाळा, मुलांच्या हाताला न लागेल अशा उंचीवर ठेवा. घर वेगळं वाळत घाला. पावसाळ्यात चार महिने कोयती घरातच राहिली, तर दिवाळीत पट्टीच्या वळणाबरहुकूम गंजाची रेघ उमटलेली सापडते. जूनच्या सुरुवातीला दोऱ्यावर पुन्हा एकदा मेण घासून घ्या.

पुठ्ठ्याचा साचा फेकू नका. त्यावर कुठल्या कोयतीचा हे लिहून ठेवा. लोहाराच्या हातच्या दोन कोयत्या कधी एका वळणाच्या नसतात. काकांनी या शिमग्याला त्यांची कोयती माझ्याकडे दिली आहे. तिची चोच माझ्या कोयतीपेक्षा अर्धा इंच जास्त वाकलेली आहे, म्हणून तिच्यासाठी नवा पुठ्ठा कापायला घेतला आहे.